वाफेवरचं मीठ

३० जानेवारी, गुरुवार

कॉलेजच्या योगिता मॅडमनी ही कोरी वही दिली आणि म्हणाल्या, "काका, काय शिकवलं त्याची नोंद ठेवत जा." नोंद मी सुट्या कागदावर देईन. ही वही माझी. घरात माझं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही, आणि कागद उलटून बोलत नाही.

मी सुग्रीव आचारी. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं अक्षर लग्नाच्या किराणा याद्या लिहून लिहून वळणावर आलं. चाळीस वर्षं केजपासून पार दिंद्रुड-तेलगावपर्यंत पंगती शिजवल्या. माझी येसर आमटी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, वाढायला निघाली की माणसं बोलणं थांबवायची. आता दोन वर्षं झाली, एक लग्न माझ्याकडे आलं नाही. शेवटचं तेलगावचं. त्या दिवशी चार पातेली आमटी उरली. लोकांना आता पनीर लागतं, पांढऱ्या टोप्या घातलेली वाढपी पोरं लागतात. तोंडाची चवच बिघडली लोकांची. म्हाताऱ्याला कोण विचारतं.

म्हणून मॅडमचा फोन आला तेव्हा मी आधी कोणीतरी चेष्टा करतंय असंच धरलं. कॉलेजातली पोरं-पोरी खोल्या करून राहतात, वडापाव आणि पुडीतल्या शेवयांवर दिवस काढतात. त्यांना फेब्रुवारीचे चार रविवार साधा स्वयंपाक शिकवायचा. चौथ्या रविवारी पोरांनी माझ्या हाताखाली दीडशे माणसांची पंगत करायची. प्राध्यापक जेवणार, संस्थेचे अध्यक्ष जेवणार. ती पंगत धड उठली तर दर सहा महिन्यांनी वर्ग, आणि शिकवणारा मीच.

मॅडमना माझं नाव कोणी सांगितलं ते विचारलं नाही. नाव आहे म्हणून सांगितलं असेल. मला दुसरं काही नको. मरायच्या आधी माझ्या हातची एक पंगत पोटभर जेवून उठलेली बघायची आहे.

सुनेनं आज मेथी केली होती. वास नाही, चव नाही, नुसता पाला. काय फवारतात कोण जाणे.

२ फेब्रुवारी, रविवार

सव्वीस पोरं. सतरा मुली, नऊ मुलगे. वसतिगृहामागची पत्र्याची खोली दिली आहे. एक मोठी गॅसची भट्टी, दोन शेगड्या, उजेड बेताचा.

सुरुवात वरणानं केली. फळ्यावर लिहिलं: तूरडाळ पाच किलो, हळद दोन मुठी, पाणी दोन कळशा.

मागून एक पोरगा म्हणाला, "आजोबा, माझ्या खोलीवर आंघोळीचं पाणीबी एवढं नसतं."

सगळे हसले. त्याचं नाव सोमेश्वर. घरचे मेंढरं राखतात, सहा महिने रानातच. मी म्हणालो, "मग तुला किती पाहिजे?"

"एक जणाचं सांगा की."

आणि मला सांगता येईना. खरं लिहितो, आलंच नाही. पन्नासाच्या खाली माझा हात कधी गेला नाही. घरात बायको, साखराबाई, होती तोवर तिनं मला चुलीपुढं बसू दिलं नाही, आणि ती गेल्यावर सून आली. एका माणसाची डाळ म्हणजे किती? मूठ? अर्धी मूठ? मी म्हणालो, "अंदाज घ्या." पोरांनी वहीत 'अंदाज' असं लिहून घेतलं. राग आला, पण कोणावर काढायचा.

मग पहिला नियम सांगितला. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या हरिबा आचाऱ्यांनी मला सांगितला तोच. शिजवताना चाखायचं नाही. नैवेद्य निघेपर्यंत आचाऱ्याच्या जिभेला अन्न लागत नाही. वाफेवर नाक धरायचं, मीठ किती पडलं, फोडणी कुठवर आली, सगळं वाफ सांगते. चाळीस वर्षांत मी पळीला तोंड लावलेलं नाही.

एवढं सांगून वळतो तर पुढच्या रांगेतली एक मुलगी डाव तळहातावर टेकवून चाखतेय. शाईस्ता नाव. दिंद्रुडची, बापाचा फळांचा गाडा, इथं दोघी मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. हातातून डाव काढून घेतला. म्हणालो, "चाखून तर कोणीबी करंल. त्याला आचारी कशाला पाहिजे?"

ती म्हणाली, "मीठ जास्त हाय आजोबा."

"वाफेवर मला कळतंय बरोबर हाय म्हणून."

 जेवताना सोमेश्वर तीनदा पाण्याला उठला. मॅडम म्हणाल्या, "छान झालं काका, पहिलाच दिवस आहे." दोन घास खाल्ले आणि पोरं माना खाली घालून ताट चिवडत बसली. पुडीतल्या शेवया खाऊन जिभा मेल्यात त्यांच्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जाकीरशी तुटलं. तीस वर्षांचं.

येसरासाठी धने, जिरे, दगडफूल, दालचिनी घ्यायला त्याच्या दुकानात गेलतो. खोबरं घरचं होतं, पिशवीत नेलं, त्याच्या डंकावर कुटून घ्यावं म्हणून. धने हातावर चोळले. भुसा. जिरे, भुसा. म्हणालो, "जाकीर, माल कुठला भरतोस? वास कुठंय?"

तो म्हणाला, "कावून रे? कालच पोतं फोडलं. हे बघ." आणि हिंगाचा डबा उघडून माझ्या तोंडापुढं धरला. शेजारी उभी बाई पदर नाकाला लावून दोन पावलं मागं सरकली. कोणाकोणाला नाटकं लई. मी नाक लावलं. कणीक हुंगावी तसं.

"ह्यात पीठ मिसळलंय," मी म्हणालो.

जाकीरनं डबा बंद केला. मग माझ्या पिशवीतलं खोबरं काढलं, नाकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हे खवट झालंय सुग्र्या. फेकून दे. मी देतो नवीन."

"तुझा माल खपवायला माझं खोबरं खवट?"

"तपकीर कमी कर बे. दिवसातून किती चिमट्या ओढतोस?"

मी तपकीर ओढतो ते काय आज? पंचवीस वर्षं झाली. तपकिरीची डबी त्याच्याच दुकानातून येते. गिऱ्हाइकांसमोर मला असं बोलला. मी म्हणालो, "तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार न्हाई." तो म्हणाला, "नको चढू, पण ते खोबरं पोरांना घालू नको."

बाजाराच्या त्या टोकाच्या दुकानातून माल घेतला. तोही भुसाच. सगळीकडं एकच फसवणूक चालली आहे. खोबरं माझंच वापरणार.

६ फेब्रुवारी

सुनेनं, स्वप्नानं, वांगं केलं होतं. नुसता चोथा. म्हणालो, हातात कसब नसेल तर निदान मसाला तरी घालत जा. "घातलाय मामा," म्हणाली. ताट सरकवलं ते जरा जोरात सरकलं, खाली पडलं. तिनं फरशी पुसली आणि आत गेली. तिची सासू असती तर मला चांगलंच सुनवलं असतं तिनं. पण ती शिजवायची तरी नीट.

९ फेब्रुवारी, रविवार

आज येसर. हे मी मनापासून शिकवणार होतो. एकदा डबा भरून ठेवला की खोलीवर दहा मिनिटांत जेवण. तेलात लसूण टाकायचा, येसर पाण्यात कालवून ओतायचं, उकळी आणायची, भाकरी कुस्करून खायची. पोरं जगतील त्यावर. एका माणसाला किती तेही या वेळी घरी मोजून आलो: एक मोठा चमचा येसर, दोन कप पाणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोमेश्वर म्हणाला, "आजोबा, आता खरे आमच्यात आले." बरं वाटलं.

गहू, बाजरी, हरभरा डाळ, मग मसाला, एकेक वेगळं भाजायचं. पत्र्याच्या खोलीत रंग कळत नाही, म्हणून सांगितलं की डोळ्यांवर जाऊ नका, वास सुटला की उतरवा. डाळ टाकली. हलवत राहिलो.

शाईस्ता म्हणाली, "आजोबा, वास सुटला."

"न्हाई सुटला."

थोड्या वेळानं पुन्हा. "आजोबा, उतरवा. करपायलंय."

"माझ्या कढईत नाक घालू नको. उभं राहायचं तर गप उभं राहा."

सगळ्यांसमोर बोललो. मुलगी मागं झाली. दोघीतिघी ओढणी तोंडाला लावून दाराशी गेल्या, भाजण्याचा धूर सहन होत नाही यांना. मी भाजत राहिलो, पण वास काही सुटेना. शेवटी कंटाळून उतरवली. येसर जरा गडद झालं. अस्सल येसर गडदच असतं असं सांगितलं.

आमटी केली. सव्वीस पोरांपैकी चौघांनी ताटं संपवली. एकीनं उरलेलं बाहेर कुत्र्याला टाकलं. ते कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं. वसतिगृहाची कुत्री पण बिस्किटांना सोकावली आहेत.

शाईस्तानं मात्र सगळं खाल्लं. शेवटचा घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिखट सोसत नसेल. पण टाकलं नाही. घरचं वळण चांगलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमचा फोन. अकरा जणांनी पुढच्या रविवारी येणार नाही म्हणून कळवलं. "काका, आपण जरा सोपं काही घेऊ या का? पोहे वगैरे?"

पोहे. चाळीस वर्षं हजार-हजार पानं उठवली आणि आता पोहे शिकवू. मॅडम पुढं म्हणाल्या की अध्यक्ष विचारत होते, चौथ्या रविवारच्या जेवणासाठी बाहेरचा केटरर सांगून ठेवू का. मी म्हणालो, "सांगा की. त्याच्याकडं टोप्या असतील पांढऱ्या." आणि फोन ठेवला.

 राग लई वाईट. पण राग नसता तर मी दुपारी उठलोच नसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहिताना अजून पेन कागदात रुततोय.

पंधरा पोरं आली. त्यांना हात धुवायला बाहेर नळावर पाठवलं. मी भट्टीची चावी सोडली, लायटर मारला, पेटला नाही. पुन्हा मारला, नाही. तेवढ्यात सोमेश्वर दारातून विचारायला लागला, आजोबा आज कुत्र्याला बोलवायचं का जेवायला. मी बाहेर जाऊन त्याला चांगलाच झापला. त्याच्या बापापासून त्याच्या मेंढरांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. पाच मिनिटं तरी गेली. मग आत आलो. खिशातून काडेपेटी काढली. काडी हातात घेतली.

"आजोबा, थांबा. काडी ओढू नका."

शाईस्ता. धावत आत आली, सिलिंडरची चावी फिरवली, माझ्या हातातली काडेपेटी ओढून घेतली आणि खिडक्या ढकलायला लागली. मागून सोमेश्वर आला, पत्र्याचं मागचं दार उघडलं. सगळी पोरं बाहेर ओरडत होती, गॅस, गॅस.

मला काही कळेना. मला दिसलं ते एवढंच: एका पोरीनं माझ्या हातातून काडेपेटी ओढली. मी ओरडलो. "तुझी हिंमत कशी झाली? भट्टी कोणाची हाय? चाळीस वर्षं—"

ती मला तोडून म्हणाली, "आजोबा, गेटपर्यंत वास येतोय. तुमाला येत न्हाई का?"

 मॅडम दारात येऊन उभ्या होत्या.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाला वास येतच न्हाई. हो ना?"

मी म्हणालो, खोटारडी आहेस. चाखणारी आहेस, तुझ्याकडून काय अपेक्षा. पिशवी उचलली आणि निघालो. घरापर्यंत चालत आलो, जीप समोर थांबली तरी बसलो नाही.

एवढ्या लोकांत बोलली. मला एकट्याला गाठून बोलली असती तरी मी ऐकलं नसतंच, हे खरं. पण एवढ्या लोकांत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी स्वप्ना दळण आणायला गेली तेव्हा स्वयंपाकघरात गेलो. आधी कांदा कापला. डोळ्यांतून पाणी आलं. वास नाही. लसूण ठेचून नाकाला लावला. हिंगाची डबी उघडली. देवघरातली उदबत्ती पेटवली, धूर समोरून गेला, नुसता धूर. मागच्या दारी बाटलीत रॉकेल असतं, त्याचं बूच काढलं. पाणी हुंगावं तसं.

माझ्या पिशवीतलं उरलेलं खोबरं हुंगलं. काही नाही. जाकीरनं तोंड वाकडं केलं होतं तेच.

शेवटी तपकिरीची डबी. नाक झोंबलं. डोळे भरले. पण तपकिरीला काही वास असतो हे मला आठवेना.

स्वप्ना आली, बघितलं तर ओट्यावर सगळं मांडलेलं. तिला लगेच कळलं. त्याचाच राग आला आधी, की हिला इतकं लगेच कसं कळलं.

"केव्हापासून माहीत हाय तुला?"

"दोन वर्षं झाली असतील मामा. त्या उन्हाळ्यात दूध उतू जाऊन करपलं, तुमी शेजारीच बसलेले होता."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोललते. एकदा बोलले की तुमचं नाक बंद असंल, डॉक्टरला दाखवू. तुमी म्हणलात, माझ्या नाकावर पंगती उठल्यात, तू कोण सांगणार. दुसऱ्यांदा बोलले तर तवाबी ताट फेकलंत." ती हिंगाच्या डबीचं झाकण लावायला लागली. "नंतर मग न्हाई बोलले."

मला दोन्ही आठवतं. त्या वेळी मी बरोबर होतो असंही आठवतं.

तेलगाव. चार पातेली. त्या दिवशी नवरीचा बाप माझ्या पाया पडला होता, म्हणाला, "मामा, झकास झालं." आणि उरलेली आमटी नदीकाठी ओतली. मी म्हणालो, लोकांची चव बिघडली. चारशे माणसं माझी करपलेली आमटी खाऊन गप उठली, म्हातारा आहे म्हणून. एकानं वाटी फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

आज कोणाचा राग करावा ते ठरत नाही. सगळ्यांचा येतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जाकीरकडं गेलो. पायरीच्या खाली उभा राहिलो.

त्यानं बघितलं, गिऱ्हाइकाला साबुदाणा बांधून देणं सावकाश पुरं केलं. मग म्हणाला, "वर ये."

"चढणार न्हाई म्हणलतो."

"मग उभा राहा उन्हात. माझं काय जातंय."

मी म्हणालो, "नाक गेलंय जाकीर."

"माहीत हाय."

"तू कोणाकोणाला बोललास?"

"नाकाचं कोणालाच न्हाई. तुझ्याबद्दल एका बाईला बोललो. कॉलेजच्या. ती आलती मसाला घ्यायला, म्हणली, शिकवायला कोणी जुना माणूस सांगा. मी तुझं नाव सांगितलं."

मी चक्रावलो. "नाक गेलेल्या आचाऱ्याचं नाव सांगितलंस?"

"शिजवायला न्हाई सांगितलं बे. शिकवायला सांगितलं. त्याला नाक लागत न्हाई, तोंड लागतं. ते तुझ्याकडं लई हाय."

मी हसलो नाही. हसायला येत होतं, पण मी हसलो नाही. मग तो खाली उतरला, नवं खोबरं, धने, दगडफूल बांधून माझ्या हातात दिलं आणि तपकिरीची डबी माझ्या खिशातून काढून घेतली. मी हात धरला. त्यानं सोडवला.

"सुग्र्या, डॉक्टर म्हणला तर देईन परत. तोवर माझ्याकडं."

मी पायरी चढलो न्हाई हे लिहून ठेवतो. तो उतरला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभ्यानं सांगितलं. माझं नाक गेलंय. वाफेवरून मीठ कळतं हेही आता मला खरं वाटत नाही, हात बरोबर पडायचा तोवर कळल्यासारखं वाटायचं. पण डाळीला पाणी किती, भट्टी कधी बारीक करायची, दीडशेला येसर किती, पंगतीत आधी कोणाला वाढायचं, हे कोण्या केटररपेक्षा मला जास्त कळतं. पंगत पोरांनी करावी. मी उभा राहीन.

मॅडम म्हणाल्या, "काका, अध्यक्षांनी केटरर सांगून टाकलाय. भात, भाजी, गोड सगळं त्याच्याकडून."

"आमटी सांगितलीय का?"

"त्यांच्या यादीत नाही."

"मग आमटी आमची."

त्यांनी गॅस कोण बघणार ते विचारलं. मी म्हणालो, जी बघत होती तीच. पण ती येईल का?

मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मला माफी मागता येत नाही. साखराबाईची पण कधी मागितली नाही. मी म्हणालो, "शाईस्ता, सुग्रीव आचारी बोलतोय. रविवारी मला नाक पाहिजे."

 मग म्हणाली, "चाखू देणार असाल तर येते."

म्हणालो, नैवेद्याआधी? ती म्हणाली, हो, आधीच. नंतर चाखून काय उपयोग.

मला हरिबा आचारी दिसले, पांढरं उपरणं, कपाळाला बुक्का. त्यांनी माझ्या हातावर एकदा गरम पळी मारलेली, मी बोट चाटलं म्हणून. डाग अजून आहे.

"चाख," मी म्हणालो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला पत्र्याची खोली. सव्वीसच्या सव्वीस आली. सोमेश्वर सगळ्यांना घेऊन आला होता. मला म्हणाला, "आजोबा, माझ्या मेंढरांची माफी मागितल्याशिवाय लसूण सोलणार न्हाई."

"तुझ्या मेंढरांची मागतो. तुझी न्हाई."

"चालंल."

चावी सोडायच्या आधी शाईस्ता येऊन सिलिंडरपाशी वाकली, हुंगली आणि मान हलवली. मग मी काडी ओढली. माझ्या भट्टीला एका पोरीची परवानगी. दात आवळूनच ओढली.

डाळ भाजताना ती शेजारी उभी. मी हलवतोय. "आता?" "न्हाई." "आता?" "थांबा." मला घाई झालेली, हात उतरवायला निघालेला, तिनं मनगट धरलं. "कच्चा वास हाय अजून." मग आणखी थोडं. मग एकदम म्हणाली, "आता, आता." मी कढई खाली घेतली. डाळ बदामी झाली होती. दोन रविवार आधी मी ही डाळ काळी केली होती आणि अस्सल म्हणून सांगितलं होतं.

आमटीला उकळी आली. मुठीनं मीठ टाकलं, चाळीस वर्षांच्या अंदाजानं. तिनं पळी उचलली, तळहातावर घेऊन चाखली.

"कमी हाय."

मला पटेना. मुठीचा माझा अंदाज कधी चुकत नाही. मी वाफेवर वाकलो, सवयीनं. वाफेनं तोंड ओलं झालं, बाकी काही नाही. पोरं बघत होती. मी पळी तिच्या हातातून घेतली. तळहातावर आमटी घेतली. भाजलं. आणि जिभेला लावली.

मीठ कमी होतं.

जिभेला कळलं. नाकाशिवाय, वाफेशिवाय, सरळ कळलं. चाळीस वर्षं ती तोंडात होती आणि मी तिला बांधून ठेवली. मी अर्धी मूठ टाकली, पुन्हा चाखलं. "आता?" शाईस्ताला विचारलं. ती म्हणाली, "तुमीच सांगा." म्हणालो, "बरोबर." तिनं चाखून मान हलवली.

पंगत बाराला बसली. केटररचं पनीर होतं, दोन गोड होते. पहिल्या फेरीला लोकांनी आमटी वाटीभर घेतली. दुसऱ्या फेरीला अध्यक्षांनी भात बाजूला सारून भाकरी मागितली. आमच्याकडं भाकरी अठराच होत्या, पोरांनी स्वतःसाठी केलेल्या. तुकडे करून वाढल्या. तिसऱ्या फेरीला सोमेश्वर पातेलं तिरपं करून वाढत होता. माणसं बोलणं थांबवून खात होती. मी भिंतीला टेकून बघत होतो.

शेवटी मी बसलो. शाईस्तानं वाढलं. पहिला घास घेतला. गरम, खारट, जरा तिखट. बस, एवढंच. दीडशे माणसं जे जेवून उठली, ते माझ्या ताटात नव्हतं.

तिला विचारलं, "वास कसा हाय?"

ती विचार करायला लागली. म्हणाली, "भाजलेल्या हरभऱ्यासारखा. आणि पाठीमागून खोबरं. आणि... लग्नाच्या घरी सकाळी येतो तसा."

ती सांगत होती आणि मला तिचा राग येत होता. माझी आमटी, आणि तिचा वास मला हिच्याकडून ऐकावा लागतो.  तरी म्हणालो, "अजून सांग."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जुलैला पुन्हा वर्ग आहे. मॅडम म्हणाल्या, नव्या पोरांना फळ्यावर लावायला तुमचे नियम लिहून द्या, मोठ्या अक्षरात.

डॉक्टरकडं जाऊन आलो. वयाचं असेल, तपकिरीचं असेल, म्हणाला. परत येईल असं काही म्हणाला नाही. डबी जाकीरकडंच आहे.

दुपारी स्वप्नानं वाढलं. विचारलं, भाजी कशी झालीय ते तू सांग. तिनं ताट माझ्या हातापासून किती लांब आहे ते बघितलं आणि म्हणाली, "लसूण जरा जळालाय मामा."

"बरं," म्हणालो आणि खाल्लं.

मग नियम लिहायला बसलो.

एक. शिजवताना चाखा.

दोन. शेजारी उभं असेल त्याला वास विचारा.

तीन. तो सांगेल ते ऐका.

पहिले दोन पाच मिनिटांत झाले. तिसऱ्याला दिवस मावळला.